ओलं कोणी केलं?

मी एक जुना मेणकापडाचा तुकडा आहे. रंग एके काळी चांगला लालबुंद होता, आता विटून विटेसारखा झालाय. एक कड वाकडी आहे, कारण दुकानदाराची कात्री बोथट होती. मित्रांनो, मी जे सांगणार आहे ते सांगायची मला लाज वाटते. मोठी माणसं असले विषय तुमच्यापुढे काढत नाहीत, आणि निघालेच तर "जा रे, बाहेर खेळा जरा" म्हणून तुम्हाला पिटाळतात. पण तुमच्यातले पुष्कळ जण तान्हे असताना माझ्यासारख्याच एखाद्या तुकड्यावर झोपलेले आहात. म्हणजे आपली ओळख तशी फार जुनी. तुमच्यापासून काय लपवायचं?

माझा जन्म कारखान्यातला. साध्या सुती कापडावर रबराचा लेप चढवला, गरम रुळांतून दाबून काढलं, वर पांढरी भुकटी मारली, की झालो मी तयार. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने खरखरीत. पाणी माझ्यातून आरपार जात नाही, हा माझा एकुलता एक गुण. पण त्या गुणाचा मला भारी तोरा होता. दुकानात गुंडाळीत उभा असताना शेजारच्या चादरींकडे मी जरा खालीच बघायचो. तुमच्यावर एक थेंब पडला की संपलं, आमचं तसं नाही, असं मनात म्हणायचो.

मला विकत घ्यायला आले ते ढब्बीचे बाबा. तेव्हा ढब्बी जन्मली नव्हती. बाबा गॅरेजमध्ये कामाला होते. गाडीच्या चाकाचं माप ते नुसतं बघून सांगायचे, पण तान्ह्या बाळाचं माप त्यांना कुठलं ठाऊक! त्यांनी आपलं पलंगाचं माप आणलेलं.

"अहो, पोराला पाहिजे का हत्तीच्या पिल्लाला?" दुकानदार म्हणाला.

"असू द्या हो. कमी पडायला नको."

घरी गेल्यावर आजींनी मला उलगडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "धन्य आहे बाबा तुझी! अर्धी खोली झाकली जाईल एवढ्यात." आजी म्हणजे बाबांची आई. जन्म एका वसतिगृहाच्या भटारखान्यात गेलेला, त्यामुळे आवाज खणखणीत आणि हुकूम देण्याची सवय. ढब्बीची आई हसली. ती बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसायची, तिला माणसांच्या गर्दीची सवय होती आणि ती चटकन हसायची. "राहू द्या आई," ती आजींना म्हणाली, "मी पण झोपेन त्याच्यावर." सगळे हसले. मीही हसलो.

मग एके दिवशी घर रिकामं झालं आणि बऱ्याच दिवसांनी पुन्हा भरलं. त्या दिवसांत काय झालं, ते मी तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. पोर पोटात चांगलीच गुटगुटीत झाली होती. जवळच्या लहानशा सूतिकागृहात कळा सुरू झाल्या. डोकं खाली आलं आणि अडकलं. थांबू या, होईल, होईल, असं म्हणत तिथली माणसं थांबली. फार वेळ थांबली. शेवटी गाडी करून मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे चिमटा लावून पोर बाहेर काढली. रडली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पोरीचे गाल बघून आजींनी तिथल्या तिथे नाव ठेवलं, ढब्बी. आईला नंतर ताप भरला होता, पण तिकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. एवढं सोसल्यावर अंग तापायचंच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. औषधाच्या चार गोळ्या घेऊन मायलेकी घरी आल्या.

माझी घडी उलगडली. वर मऊ सुती कापड, त्याच्यावर ढब्बी. काय सांगू तुम्हाला, मला अगदी राज्य मिळाल्यासारखं झालं! आई मला पलंगभर पसरायची आणि ढब्बीला कुशीत घेऊन झोपायची. बाबा जमिनीवर अंथरूण घालायचे.

थोड्याच दिवसांत मी ओला होऊ लागलो. त्यात काय मोठंसं, तेच तर माझं काम. पण ओल भलत्याच बाजूला होती. ढब्बी निजायची भिंतीकडे आणि तळं साचायचं कडेला, आईच्या खाली. एकदा नाही, दोनदा नाही, सारखंच. थांबायचं नावच नाही. ढब्बीचं कसं, व्हायचं तेव्हा व्हायचं आणि मग कोरडं. हे तसं नव्हतं. हे आपलं झिरपतच होतं, आई झोपलेली असो, बसलेली असो, उठून चालत असो.

आईला पहिल्यांदा कळलं तेव्हा तिने घाईघाईने चादर ओढून ओल झाकली. तेवढ्यात आजी आत आल्या. त्यांनी चादरीचा कोपरा उचलला आणि ओरडल्या, "अगं बाई! ढब्बे, हे काय गं? तळंच केलंस की!"

आईने ढब्बीकडे पाहिलं, मग आजींकडे. आणि म्हणाली, "हो ना."

एवढंच. ती खोटं बोलायला बसली नव्हती हो. आजींनी उत्तर आयतं हातात दिलं आणि तिने ते घेतलं. घरात बाळ असलं की प्रत्येक ओल्या कापडाचा धनी ठरलेलाच असतो. कोणाला शंका यायचं कारणच नाही.

त्या दिवसापासून ढब्बीची बदनामी सुरू झाली. "आमची ढब्बी म्हणजे नळ आहे नळ!" आजी शेजारणीला सांगायच्या. "हिला धरणावर नोकरी लागणार." बाबा कामावरून आले की दारातूनच विचारायचे, "काय, आज पूर आला का?" सगळे हसायचे. आईही हसायची, आणि हसता हसता तिचे कान लाल व्हायचे. ढब्बी बिचारी पाय झाडत वर बघायची. तिला काय कळणार, आपल्या नावावर काय काय जमा होतंय ते!

आई मला स्वतः धुवायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. आजींना त्याचंही कौतुक. "बाळाचं सगळं हातावेगळं करते हो, नीटनेटकी आहे." आई मला खसाखसा घासायची, रागाने घासायची, आणि मग बाहेर उन्हात न टाकता न्हाणीघराच्या दारामागे लटकवायची. तिथे ना वारा, ना ऊन. मी तसाच ओलसर, कुबट पुन्हा पलंगावर जायचो. सुती कापडाच्या तुकड्यांचंही तेच. स्वतःसाठी घेतलेले ते तुकडे ती पलंगाखाली, बादलीमागे, कुठे कुठे लपवून वाळवायची. वाळायचे कसले, आंबायचे.

आणि मित्रांनो, आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. मला तिची किळस आली. मला बाळासाठी आणलं होतं. बाळाची शू म्हणजे काय, कोवळी, तिचं कोणाला काही वाटत नाही. पण हिचं? चांगली नोकरी करणारी, शहाणीसुरती बाई, आणि तिला साधं आवरता येऊ नये? मी मनात तिला नावं ठेवली. ती माझ्यावर टेकली की मला अंग चोरावंसं वाटायचं. तिला जखम झालीय, हा विचारच माझ्या डोक्यात आला नाही. तिच्याही आला नव्हता. तिला वाटायचं आपलंच काही तरी चुकलं, आपण नीट जोर दिला नाही, आपणच सैल. एकदा ढब्बीला पाजता पाजता ती पुटपुटली, "माझंच अंग असं नासकं." माझ्यावर गरम पाण्याचे दोन थेंब पडले, आणि ते शूचे नव्हते.

रजा संपत आली होती. तिकिटाची ती खिडकी म्हणजे एवढीशी कोंदट खोली, तिघी जणी खुर्चीला खुर्ची लावून बसायच्या. तिथे जाऊन बसायचं कसं, या विचाराने आईची झोप उडाली. मग तिने एक उपाय काढला. तो उपाय फक्त तिलाच सुचला असता, कारण दुसऱ्या कोणाला विचारायची सोयच तिने ठेवली नव्हती. तिने पाणी सोडलं. पाणीच प्यायलं नाही तर गळेल कुठून? सकाळी घोटभर, दुपारी ओठ ओले करण्यापुरतं. आजींनी दुधाचा पेला दिला तर तो न्हाणीघरात ओतायचा.

गळणं थोडं कमी झालं खरं. पण जे यायचं ते गडद, जळजळीत. तिची कातडी सोलवटली. घाण वास येऊ लागला. अंगात बारीक ताप राहू लागला, कधी हुडहुडी भरायची. आणि दूध आटलं.

इकडे आजींनी आपल्या परीने दुसराच इलाज सुरू केला. "पोर सारखी मुतते म्हणजे तुझं पाजणं जास्त होतंय. संध्याकाळनंतर पाजू नकोस, पोटाला जरा विसावा दे." आई काय बोलणार? नाही म्हणावं तर मग एवढी ओल कोणाची, हे सांगावं लागलं असतं. तिने संध्याकाळनंतरचं पाजणं बंद केलं.

ढब्बी आधी खूप रडली. मग कमी रडू लागली. गाल उतरले. नाव ढब्बी आणि पोर अशी की मांडीवर घेतली तर वजन कळू नये. मी तिच्याखाली असायचो, मला कळत होतं. तिच्या बाजूला मी कोरडाच राहू लागलो. तासन् तास कोरडा. मला सांगता आलं असतं तर! पण मेणकापडाला तोंड कुठलं.

शेवटी आजीच घाबरल्या. "हिच्या लघवीचा काही तरी विकार आहे. पाणी सगळं निघून जातंय पोरीतलं. चला डॉक्टरकडे." आणि पुरावा पाहिजे म्हणून त्यांनी मला गुंडाळून पिशवीत घातलं. आईने "ते कशाला, राहू द्या ना," म्हणून पिशवी ओढली, पण आजी कसल्या ऐकतात.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या होत्या, बोलायला तुटक. त्यांनी ढब्बीचं वजन केलं, भुवया चढवल्या. डोक्यावर हात फिरवला. "टाळू खोल गेलीय." तोंडात बोट घातलं. "जीभ कोरडी आहे. दिवसातून किती वेळा शू करते?"

"किती वेळा काय विचारता!" आजी म्हणाल्या. "अहो, सारखीच. हे बघा." आणि त्यांनी मला तपासणीच्या टेबलावर झटकन उलगडलं.

आयुष्यात इतका उघडा मी कधीच पडलो नव्हतो. वरती पांढरा झगझगीत दिवा. माझ्यावरचे डाग, एकात एक मिसळलेले, मिठासारखे पांढरे पडलेले. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग ढब्बीकडे पाहिलं. ढब्बी माझ्या एका कोपऱ्यात मावत होती.

"बाहेर किती वेळ बसला होतात?"

"झाला असेल दीडेक तास. गर्दी केवढी तुमच्याकडे."

"लंगोट बदलला?"

"नाही बाई."

डॉक्टरीणबाईंनी लंगोट सोडला. कोरडा ठणठणीत. त्या म्हणाल्या, "आजी, ही पोर उपाशी आहे. हिच्यात शू करायला पाणीच नाहीये. आता हिला दाखल करते, रक्त काढावं लागेल, लघवीची तपासणी करू, मूत्रपिंडाची करू. हे एवढं येतंय कुठून ते शोधायला पाहिजे." त्यांनी सिस्टरला हाक मारली. सिस्टर आल्या आणि ढब्बीचा बारीकसा हात धरून शीर शोधू लागल्या.

ढब्बीने रडायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

"ती नाही," आई म्हणाली.

"काय?"

"ती नाही करत. मी करते." आईने दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं होतं. "तिच्या मूत्रपिंडाला टोचू नका. ते सगळं माझं आहे. बाळंतपणापासून. मला कळतच नाही, आपोआप येतं. मी तिचं नाव सांगितलं. मी पाणी सोडलं, म्हणून दूध गेलं. तिला उपाशी मी ठेवलंय."

आजी माझ्याकडे बघत होत्या. मग त्या मटकन स्टुलावर बसल्या. "आणि मी म्हटलं, पाजू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "मी म्हटलं गं." तो खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे.

डॉक्टरीणबाईंनी आधी ढब्बीचं बघितलं. सलाईन लागलं, दूध सुरू झालं. मग त्यांनी आईच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "तुम्हाला ताप आहे. चला, माझ्याबरोबर. तुम्ही एकट्याच नाही आहात, अशा पुष्कळ बायका असतात. फक्त सांगत नाहीत."

मोठ्या दवाखान्यातल्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टर वयस्कर होत्या. त्यांनी तपासलं आणि कागदावर चित्र काढून समजावलं. बाबाही होते, आजीही होत्या, आणि आईच्या खाली मी. "बाळाचं डोकं हाडाशी फार वेळ अडकून राहिलं. मध्ये लघवीची पिशवी असते, ती चेपली गेली. जिथे रक्त पोचलं नाही तिथली भिंत मेली आणि भोक पडलं. तिथून गळतंय. ह्यात तुमचा काहीही दोष नाही."

"आणि तो ताप?" बाबांनी विचारलं. "तेव्हा आला होता तो?"

"तोही कारण असू शकतो. जंतू शिरले तर लहान जखम मोठी होते, भरायची ती भरत नाही. पण शंभर टक्के त्यानेच झालं, असं मी सांगणार नाही. ते आता कोणालाच सांगता येणार नाही. एवढं मात्र पक्कं सांगते, आत्ता तिथे जंतुसंसर्ग आहे, आणि तो असताना मी शिवणार नाही. टाके धरायचे नाहीत, आणि दुसऱ्या वेळी शिवणं आणखी अवघड होतं."

म्हणून थांबायचं ठरलं. औषधं घ्यायची, सूज उतरू द्यायची, आणि पाणी प्यायचं. भरपूर प्यायचं. "आणखी गळेल," आई म्हणाली. "गळू दे," डॉक्टर म्हणाल्या, "स्वच्छ गळू दे."

ते महिने सोपे नव्हते. रजा वाढवावी लागली. कारण म्हणून बाबांनी नुसतं "आजारपण" लिहिलं. घरात बोलणं कमी झालं. पुराचे विनोद बंद पडले, आणि त्यांची जागा दुसऱ्या कशाने भरून निघाली नाही. आजी आईच्या हातातून मला ओढून घ्यायच्या आणि स्वतः धुवायच्या, साबणाने, उकळत्या पाण्याने, आणि कडक उन्हात टाकायच्या. आईला संकोचाने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "आई, तुम्ही नका ना धुवू." तर आजी म्हणायच्या, "गप्प बैस. पाणी प्यायलीस का?" दिवसभर त्यांचा तोच एक घोशा. त्यांनाही बोलायचं होतं, माफी मागायची होती, पण त्यांच्या तोंडातून पाण्याशिवाय दुसरं काही निघायचंच नाही.

शस्त्रक्रिया झाली. आईला लघवीची नळी लावली होती, आणि ती दोन-तीन आठवडे ठेवायची होती. तिथेही एकदा ताप चढला. सगळ्यांचे चेहरे उतरले. टाके सुटले तर? नळीची पिशवी बदलताना हात धुतले का, म्हणून आजींनी एका सिस्टरला चारचौघींत विचारलं आणि भांडण ओढवून घेतलं. औषध बदललं, ताप उतरला. पण आईने झोपेत कूस बदलायचंही सोडून दिलं होतं. ती माझ्यावर लाकडासारखी पडून असायची. मी तिच्याखाली होतो, आणि खरं सांगतो, आता मला अंग चोरावंसं वाटत नव्हतं. मला वाटत होतं, मी थोडा मऊ असतो तर बरं झालं असतं.

नळी काढली त्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "दोन पेले पाणी प्या आणि बसून राहा. लागली की जा."

आईने पेला हातात घेतला, पण तोंडाला लावेना. आजी शेजारी येऊन बसल्या, माझ्यावरच, लुगडं सावरून. आई पाणी प्यायली. दुसरा पेलाही प्यायली. वेळ गेला. आजींनी हात आईच्या खाली सरकवून मला चाचपून पाहिलं.

"कोरडं आहे."

"पुन्हा बघा."

आजींनी पुन्हा पाहिलं. "अगं, ठणठणीत कोरडं आहे."

"नीट बघा ना, आई."

बाबांनी ढब्बीला आणून तिच्या मांडीवर ठेवलं. ढब्बीचे गाल परत आले होते, पोट टम्म होतं. आईने तिला छातीशी धरलं, आणि एकदम दचकून ओरडली, "ओलं झालं! आई, ओलं झालं!" तिचा चेहरा पांढराफटक पडला.

आजींनी ढब्बीला उचललं, खालून पाहिलं, लंगोट पिळला. "हे हिचं आहे," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांचा जुना आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला, "हे हिचं आहे गं! ह्या वेळी हिनंच केलंय!"

आई हसायला लागली आणि हसता हसता हमसून हमसून रडली. थोड्या वेळाने ती उठली, भिंत धरून चालत गेली, आणि जाऊन आली. तिच्या पावलांमागे फरशीवर एक थेंब नव्हता.

आता मी जुना झालोय, घड्यांवर चिरा पडल्यात. आई तिकिटाच्या खिडकीत परत बसते. ढब्बी शाळेत जाते आणि तिला ह्यातलं काही ठाऊक नाही. माझी लाज मात्र गेलेली नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ओल कुठे आहे ते, आणि मी त्या बाईला नावं ठेवण्यात वेळ घालवला. मला तोंड नव्हतं हे खरं. पण असतं तरी मी सांगितलं असतं का, कोण जाणे. तुम्हाला तोंड आहे, मित्रांनो. तुमच्या घरी, शेजारी, कोणाकडे नवं बाळ आलं आणि कोणी हसत म्हणालं, "फार ओलं करतं हो," तर तुम्हीही हसा. पण मग बाळाच्या आईपाशी जा, पाण्याचा पेला घेऊन जा, आणि विचारा, "तू बरी आहेस ना?" ती लगेच हो म्हणेल. तेवढ्यावर उठून येऊ नका. जरा वेळ तिच्याजवळ बसा.